आपपरभावाचे कोडे : सर पीटर मेडावर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने एका प्राणिशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. आपल्या वार्षिकात चरित्रे येतात ती बहुधा साहित्यिकांची, संतांची आणि समाजसुधारकांची. परंतु मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते सर पीटर मेडावर शास्त्रज्ञ असूनही तर्कशास्त्राचे चाहते होते, उत्तम इंग्रजी गद्य लिहीत होते, आणि त्यांनी मांडलेला एक प्रश्न तर तुमच्या-माझ्या जन्माशीच निगडित आहे.

तो प्रश्न आधी सांगतो. आपल्या शरीराला आपले कोण आणि परके कोण, हे फार चांगले कळते. रोगजंतू आत शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. भाजलेल्या माणसाच्या अंगावर दुसऱ्या कोणाच्या कातडीचा तुकडा बसवला, तर तो काही दिवस नीट दिसतो आणि मग काळा पडून गळून जातो. ह्या बाबतीत शरीर नातेगोतेही जाणत नाही. मुलाच्या कातडीचा तुकडा आईला लावला तरी आईचे शरीर तो टाकून देते, कारण मुलाचा अर्धा वारसा बापाकडून आलेला असतो आणि तो अर्धा भाग आईच्या शरीराला परकाच असतो. मग ज्या मुलाच्या कातडीचा लहानसा तुकडा आई सहन करू शकत नाही, ते सबंध मूल ती नऊ महिने पोटात कशी वाढवते? तिच्या रक्तातील शिपाई त्या काळात काय करत असतात?

हे कोडे इतके रोजचे आहे की ते कोडे आहे हेच पुष्कळ काळ कोणाच्या ध्यानात आले नाही. ते स्वच्छ शब्दांत प्रथम मांडले मेडावर यांनी, १९५३ साली. तिथपर्यंत ते कसे पोचले आणि पुढे त्या प्रश्नाचे काय झाले, हीच ह्या लेखाची कथा आहे.

पीटर ब्रायन मेडावर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्राझीलमधील पेत्रोपोलिस ह्या गावी झाला. वडील मूळचे लेबननचे, आई इंग्रज. पहिले महायुद्ध संपल्यावर मुलगा इंग्लंडात आला व तिथल्याच निवासी शाळांत शिकला. मार्लबरो येथील शाळेत त्यांना सुख लाभले नाही. तिथल्या उच्चकुलीन वातावरणात हा परदेशी नावाचा, परदेशी बापाचा मुलगा उपराच ठरला. आपले आणि परके हा भेद त्यांनी प्रयोगशाळेत पाहण्याआधी शाळेच्या आवारात पाहिला होता. ह्या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह मी टाळतो, पण योगायोग नोंदवल्यावाचून राहवत नाही.

१९३२ साली ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात प्राणिशास्त्र शिकण्यासाठी दाखल झाले आणि १९३५ मध्ये पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. पुढे हॉवर्ड फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळाले. पेनिसिलिन हे औषध म्हणून जगाला देणारे ते हेच फ्लोरी. १९३७ साली मेडावर यांनी आपल्याबरोबरच प्राणिशास्त्र शिकणाऱ्या जीन टेलर यांच्याशी विवाह केला. मनाजोगा संसार आणि मनाजोगे काम असे दुहेरी भाग्य त्यांना ऐन पंचविशीच्या आत लाभले.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४० च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डमध्ये मेडावर यांच्या घराजवळच एक बॉम्बफेकी विमान कोसळले. त्यातील एक तरुण वैमानिक भयंकर भाजला होता. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ह्या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला मदतीस बोलावले. तोवर मेडावर यांचे संशोधन पुस्तकी स्वरूपाचे होते. इथे समोर एक माणूस होता, त्याच्या अंगावर स्वतःची पुरेशी कातडी उरलेली नव्हती, आणि दुसऱ्याची लावली तर ती टिकत नव्हती. का टिकत नाही, ह्याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. मेडावर यांच्या उभ्या आयुष्याची दिशा त्या रुग्णाच्या खाटेशी ठरली.

सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाच्या आश्रयाने ते ग्लासगोच्या रुग्णालयातील भाजलेल्यांच्या विभागात गेले. तिथे टॉमस गिब्सन ह्या शल्यवैद्यासोबत त्यांनी एका भाजलेल्या स्त्रीवर काळजीपूर्वक निरीक्षणे केली. तिच्याच कातडीचे छोटे तुकडे तिच्या जखमेवर लावले, ते रुजले. तिच्या भावाच्या कातडीचे लावले, ते काही दिवसांनी नष्ट झाले. काही दिवसांनी भावाचेच तुकडे दुसऱ्यांदा लावले, तर ते पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर नष्ट झाले. शेवटचे निरीक्षण सर्वांत मोलाचे होते. शरीराने भावाची कातडी लक्षात ठेवली होती! एकदा गोवर येऊन गेला की शरीर त्याला ओळखते व पुन्हा थारा देत नाही, तसाच हा प्रकार होता. म्हणजे कातडी न रुजणे हा शस्त्रक्रियेतील दोष नव्हता, तर ते प्रतिकारशक्तीचे कार्य होते. १९४३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. मेडावर यांनी ऑक्सफर्डला परतून सशांवर असंख्य प्रयोग केले व त्याच निष्कर्षाला बळकटी आणली.

१९४७ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे रूपर्ट बिलिंगहॅम हे त्यांचे सहकारी होते. १९४८ साली स्टॉकहोमच्या एका परिषदेत एका पशुशास्त्रज्ञाशी त्यांची गाठ पडली. जुळी वासरे एकसारखी जुळी आहेत की वेगवेगळी, हे कसे ओळखावे, अशी त्यांची अडचण होती. मेडावर यांनी बेधडक उपाय सांगितला : एकमेकांच्या कातडीचे तुकडे लावून पाहा. एकसारखी जुळी ती स्वीकारतील, वेगळी जुळी टाकून देतील. बर्मिंगहॅमजवळच्या एका शेतावर प्रयोग झाला आणि अंदाज साफ चुकला. जवळजवळ सगळ्याच जुळ्या वासरांनी, अगदी एक गोऱ्हा आणि एक कालवड अशा उघडउघड वेगळ्या जोड्यांनीही, एकमेकांची कातडी स्वीकारली.

सामान्य माणूस इथे ओशाळला असता. मेडावर यांनी मात्र चुकलेल्या अंदाजाचा पाठपुरावा केला. तेव्हा त्यांना अमेरिकन शास्त्रज्ञ रे ओवेन यांनी १९४५ साली लिहिलेला निबंध सापडला. गाईच्या पोटातील जुळ्यांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे जन्माआधीच त्यांचे रक्त मिसळते आणि प्रत्येक वासरू दुसऱ्याच्या काही रक्तपेशी जन्मभर बाळगते, असे ओवेन यांनी दाखवले होते. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी त्यावरून १९४९ मध्ये असा तर्क मांडला होता की आपले-परके हा भेद शरीर उपजत घेऊन येत नाही, तर गर्भावस्थेत शिकते.

हा तर्क कसोटीला लावायचे काम मेडावर यांनी केले. १९५१ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. बिलिंगहॅम बरोबर होतेच, शिवाय लेस्ली ब्रेंट हा तरुण विद्यार्थी मिळाला. नाझी जर्मनीतून वाचवून इंग्लंडात आणलेल्या ज्यू मुलांपैकी तो एक होता. ह्या तिघांनी एका जातीच्या उंदरांच्या गर्भातील पिलांना दुसऱ्या जातीच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. पिले मोठी झाल्यावर त्यांना त्याच दुसऱ्या जातीची कातडी लावली, आणि ती टिकली. काळ्या-करड्या अंगावर पांढऱ्या केसांचा तो ठिगळासारखा तुकडा सुखाने नांदू लागला. तिसऱ्या एखाद्या जातीची कातडी लावली तर मात्र उंदीर ती नेहमीप्रमाणे टाकून देत. म्हणजे त्यांची प्रतिकारशक्ती दुबळी झालेली नव्हती. विशिष्ट परक्याला आपले मानायला ती शिकली होती, एवढेच. १९५३ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. ह्याच कार्यासाठी १९६० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेडावर व बर्नेट यांना विभागून मिळाले. मेडावर यांनी आपल्या वाट्याच्या रकमेतून बिलिंगहॅम व ब्रेंट यांना हिस्सा दिला. अवयवरोपण मुळात शक्य आहे, निसर्गाने तिथे कायमची भिंत घातलेली नाही, ही उमेद डॉक्टरांना ह्या उंदरांनी दिली.

आता आपण लेखाच्या आरंभीच्या कोड्याकडे येतो. त्याच १९५३ सालच्या एका व्याख्यानाच्या लेखी स्वरूपात मेडावर यांनी विचारले : गर्भ हा आईच्या शरीरात बसवलेल्या परक्या कलमासारखाच असताना तो टिकतो कसा? आणि त्यांनी तीन संभाव्य उत्तरे मांडली. एक, आई आणि गर्भ यांच्यामध्ये वारेचा आडपडदा असल्याने दोघांची गाठच पडत नसावी. दोन, गर्भ इतका अपक्व असावा की त्याच्या अंगावर परकेपणाच्या खुणाच उमटलेल्या नसाव्यात. तीन, गर्भारपणी आईची प्रतिकारशक्तीच सुस्त पडत असावी.

तिन्ही उत्तरे ऐकताक्षणी पटण्याजोगी आहेत. मला आकर्षण वाटते ते हे, की तिन्ही तपासता येण्याजोगी होती, आणि तपासल्यावर एकही जशीच्या तशी टिकली नाही.

आडपडद्याचे पाहू. वारेतील सूक्ष्म तंतूंचे झुबके आईच्या रक्तातच बुडालेले असतात. त्यांचे बाह्य आवरण गर्भाच्या बाजूचे असते. म्हणजे परके शरीर आईच्या रक्ताला सरळ भिडलेले असते. शिवाय गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. १९९६ साली अमेरिकन संशोधकांनी दाखवले की मुलगा जन्मल्यानंतर २७ वर्षांनीही एका आईच्या रक्तात पुरुषी पेशी सापडल्या. ओवेन यांच्या वासरांसारखीच प्रत्येक आई काही अंशी आपल्या मुलाला अंगात बाळगून असते, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे उत्तर अपक्वतेचे. तेही पुरे पडले नाही. आईचा रक्तगट आर. एच. निगेटिव्ह आणि गर्भाचा पॉझिटिव्ह असेल तर आईचे शरीर त्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू शकते, हे आज घरोघरी माहीत आहे. १९५८ साली अमेरिकेत रोझ पेन आणि हॉलंडमध्ये यॉन व्हान रूड यांना असेही आढळले की मुले झालेल्या स्त्रियांच्या रक्तात बापाकडून आलेल्या पांढऱ्या पेशींवरील खुणांविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. म्हणजे खुणा उमटलेल्या असतात आणि आईने त्या पाहिलेल्याही असतात.

तिसऱ्या उत्तराची कथा मला सर्वांत उद्बोधक वाटते. आईची प्रतिकारशक्ती सुस्त असती, तर निरोगी गर्भारशीच्या रक्तात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसल्या असत्या. प्रत्यक्षात उलटे घडते. एरवी एका घन मिलिमीटर रक्तात ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. गर्भारपणी ही संख्या वाढते. शेवटच्या महिन्यांत १५,००० च्या आसपास आकडा आला तरी तो रोगाचे लक्षण ठरतोच असे नाही, आणि प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर तो २०,००० च्याही वर जाऊ शकतो. ही वाढ मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पेशींची असते. जंतूंना गिळून टाकणाऱ्या ह्या पहिल्या फळीतल्या पेशी. म्हणजे पहारा ढिला होत नाही, उलट वाढतो. त्याच वेळी लिम्फोसाइट ह्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींत, म्हणजे परक्याला ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पेशींत, एक निवडक संयम दिसतो. त्यांच्यातीलच नियामक टी-पेशी इतर पेशींना आवरून धरतात. २००४ साली उंदरांवरील प्रयोगांत ह्या नियामक पेशी काढून टाकल्या, तेव्हा परक्या बापाची पिले गर्भातच नष्ट झाली. आई-बाप एकाच वाणाचे असतील तर मात्र पिले वाचली. गर्भाशयाच्या अस्तरात तर एरवी मारक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशींचा एक प्रकार आरंभीच्या महिन्यांत मोठ्या संख्येने जमतो. तो गर्भाला मारत नाही, तर त्याला भरपूर रक्त मिळावे म्हणून आईच्या रक्तवाहिन्या रुंद करण्यास हातभार लावतो. वारेच्या पेशीही नेहमीच्या खुणा झाकून एक वेगळी, मारक पेशींना शांत करणारी खूण पुढे करतात.

२०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी गर्भवतींच्या रक्ताचे नमुने गर्भारपणात वेळोवेळी तपासले. त्यांतील पेशींचे बदल इतके नियमित क्रमाने होतात असे दिसले, की रक्तावरून गर्भ किती आठवड्यांचा आहे ह्याचा अंदाज बांधता यावा. सुस्त पडलेली यंत्रणा असे घड्याळासारखे चालत नाही.

ह्या समतोलाची किंमत आईला द्यावी लागते, हेही सांगितले पाहिजे. १९१८ आणि २००९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत गर्भवती स्त्रियांना आजाराचा तडाखा अधिक बसला. उलट काही स्त्रियांचा संधिवात गर्भारपणी कमी होतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळतो. प्रतिकारशक्ती मावळत नाही, तिची मांडणी बदलते, हेच ह्या दोन्ही गोष्टींवरून दिसते.

आपल्याकडे आईचे वर्णन करताना सोशीक हा शब्द फार सहज येतो. सोसणे म्हणजे काही न करता मुकाट्याने सहन करणे, असा त्याचा अर्थ आपण धरतो, आणि तोच आईचा मोठेपणा समजतो. मेडावर यांच्या तिसऱ्या उत्तरातली आई थोडीशी अशीच होती. संशोधनाने दिसलेली आई निराळी आहे. ती परक्याला ओळखते, त्याची दखल घेते, आणि मग त्याला ठेवून घेण्यासाठी आपल्या अंगातील शेकडो व्यवहार बदलते. गंमत अशी की मेडावर यांच्या उंदरांनी हीच गोष्ट आधी सांगितली होती. परक्याला आपले मानणे ही दुर्बलता नसून शरीराने कमावलेली विद्या आहे, हाच त्यांच्या नोबेल-विजेत्या शोधाचा गाभा होता. २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक नियामक टी-पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले, तेव्हा ह्याच विद्येचा आणखी एक धडा उलगडला होता.

कोणी म्हणेल, तिन्ही उत्तरे अपुरी निघाली तर मेडावर यांचा मोठेपणा तो कोणता? ह्याचे उत्तर त्यांच्याच विचारांत आहे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. शास्त्रज्ञ आधी तथ्ये गोळा करतो आणि मग त्यांतून सिद्धांत आपोआप निघतो, ही कल्पना त्यांना भाबडी वाटे. शास्त्रज्ञही कवीसारखाच आधी कल्पना करतो, फरक इतकाच की नंतर ती कल्पना मोडता येते का हे तो प्रामाणिकपणे पाहतो, असे त्यांचे मत होते. शोधनिबंध ज्या ठरीव साच्यात लिहिले जातात त्या साच्यातून संशोधकाच्या विचाराचा खरा प्रवास लपतो, अशी टीका त्यांनी १९६३ मध्ये रेडिओवरील भाषणात केली. ‘द आर्ट ऑफ द सोल्युबल’ (१९६७) ह्या निबंधसंग्रहाच्या नावातच त्यांचे सूत्र आहे : जो प्रश्न सोडवता येईल असा मांडता येतो, तो हाती घेणे ही विज्ञानाची कला. त्यांची लेखणी प्रसंगी बोचरीही होती. तेय्यार द शार्दँ यांच्या गाजलेल्या ग्रंथावर १९६१ साली त्यांनी लिहिलेले परीक्षण इतके निर्दय आहे की ते वाचताना मला लेखकाची कीव आली.

१९६२ साली ते लंडनमधील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक झाले, १९६५ मध्ये सर हा किताब मिळाला. उंचापुरा देह, संगीतिकेचे वेड, क्रिकेटची आवड, विनोदी आणि हजरजबाबी स्वभाव. सारे उत्कर्षाच्या शिखरावर असताना, सप्टेंबर १९६९ मध्ये एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये धर्मग्रंथातील उतारा वाचत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ते त्या वेळी ब्रिटिश असोसिएशन ह्या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष होते. वय अवघे चोपन्न. डावी बाजू निकामी झाली, दृष्टीही अधू झाली.

ह्यानंतर ते अठरा वर्षे जगले, आणि ती वर्षे त्यांनी वाया दवडली नाहीत. १९७१ मध्ये संचालकपद सोडले, पण संशोधन सोडले नाही. आजार पुनःपुन्हा उलटत राहिला, तरी पुस्तके निघत राहिली : तरुण संशोधकांना उपदेश करणारे १९७९ चे पुस्तक, विज्ञानाच्या मर्यादांवरचे १९८४ चे, आणि १९८६ चे आत्मचरित्र. आत्मचरित्राच्या नावात त्यांनी स्वतःला विचार करणारा मुळा म्हटले आहे! ह्या साऱ्यामागे जीनबाईंचे कष्ट होते. त्या केवळ शुश्रूषा करणाऱ्या पत्नी नव्हत्या. कुटुंबनियोजनाच्या चळवळीत त्यांनी स्वतंत्र कार्य केले आणि पतीबरोबर दोन पुस्तकेही लिहिली. २ ऑक्टोबर १९८७ रोजी मेडावर यांचे लंडनमध्ये निधन झाले.

आपण परीक्षेत बरोबर उत्तराला गुण देतो आणि घेतो. प्रश्नाला गुण देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. मेडावर यांचा प्रश्न सत्तर वर्षांहून अधिक काळ संशोधकांना कामाला लावतो आहे, कारण त्यांनी तो चुकीचे उत्तर चुकीचे ठरवता येईल अशा रीतीने मांडला. इतिहासाचा असो, अर्थशास्त्राचा असो वा मराठीचा, आपल्यापैकी जो कोणी प्रबंध लिहायला बसेल, त्याने हा एवढा धडा ह्या प्राणिशास्त्रज्ञाकडून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.